हातरंधा घेताना: रचनेतले फरक आणि नेहमी विचारले जाणारे प्रश्न

आरा मशीनवर चिरून, प्लेनर मशीनवर रंधून आणलेली फळीसुद्धा शेवटी हातरंध्याखालून जावी लागते. मशीनच्या लाटा पॉलिश लागलं की लगेच दिसतात. पुढची उत्तरं नागपूर-विदर्भात मिळणारं लाकूड आणि इथली हवा धरून लिहिली आहेत. मापं जिथे सुतात दिली आहेत तिथे एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, साधारण ३ मिमी.

दोन रंधे शेजारी ठेवले तर आधी काय पाहायचं?

पात्याची बैठक. पातं कशावर टेकतं, किती जागेवर टेकतं आणि वरून त्याला काय दाबून धरतं, यावर रंध्याचा बहुतेक सगळा स्वभाव ठरतो. मुठीचं शिसवी लाकूड, पितळी नट, आरशासारख्या बाजू हे सगळं नंतर.

दुकानातच लिव्हर कॅप (पातं वरून दाबून धरणारी लोखंडी पट्टी) आणि पातं काढा. पात्याखाली जो उतरता लोखंडी ठोकळा दिसतो तो फ्रॉग. त्याचा उतार मशीनवर सपाट केलेला आहे की नुसता रंगवलेला, ते बघा. स्वस्त रंध्यात फ्रॉगवर आणि फ्रॉगच्या खालीही रंगाचा जाड थर असतो. लिव्हर कॅप न लावता नुसतं पातं फ्रॉगवर ठेवा आणि चारही कोपरे बोटाने दाबा. डुगडुगलं तर तो रंधा कडक लाकडावर थरथरणार. रंग खरवडून आणि कानशीने उंचवटे काढून हे घरी सुधारता येतं, पण फ्रॉगच वाकडा ओतलेला असेल तर त्याच्यामागे लागण्यात अर्थ नाही, दुसरा नग मागा.

४, ५, ७ हे नंबर म्हणजे काय? पहिला कोणता घ्यावा?

हे नंबर स्टॅनली कंपनीचे. आज जवळपास सगळेच तेच वापरतात. ४ नंबर साडेनऊ इंचांच्या आसपास, ५ नंबर १४ इंच, ६ नंबर १८, ७ नंबर २२ आणि ८ नंबर २४ इंच लांब. ४ आणि ५ चं पातं दोन इंच रुंद, ६ आणि ७ चं दोन इंच तीन सूत, ८ चं दोन इंच पाच सूत.

लांब तळ खड्ड्यावरून जातो आणि फक्त उंचवटे कापतो. आखूड तळ खड्ड्यात उतरतो आणि खड्डाही रंधतो. म्हणून फळीची कड सरळ करायला लांब रंधा आणि वरचा पृष्ठभाग गुळगुळीत करायला आखूड. रंध्याच्या लांबीच्या साधारण दुप्पट कड त्या रंध्याने फारशी तपासणी न करता सरळ होते. त्यापुढे दोरी किंवा सरळ पट्टी लावत जावं लागतं. सात फुटी दाराची कड ५ नंबरनेही सरळ होते, पण दर दोन-चार हातांनंतर (एक हात म्हणजे रंध्याची एक फेरी) पट्टी लावायचा कंटाळा करायचा नाही.

एकच घ्यायचा तर ५ नंबर. एका पात्याला गोलाई देऊन जाड छिलके काढायचे, दुसरं जवळपास सरळ धारेचं पातं सफाईला ठेवायचं. एका रंध्यात दोन रंध्यांचं काम निघतं.

बेली आणि बेडरॉक यांत खरा फरक काय?

लेनर्ड बेलीची रचना स्टॅनलीने १८६९ मध्ये घेतली आणि आजचे बहुतेक लोखंडी रंधे त्याच साच्यातले. बेलीचा फ्रॉग बुडावरच्या मोजक्या ठिकाणीच टेकतो, मधली जागा पोकळ असते. फ्रॉग आवळणारे दोन स्क्रू पात्याच्या खाली लपलेले असल्यामुळे फ्रॉग हलवायचा तर पातं काढावंच लागतं.

बेडरॉक ही स्टॅनलीचीच १८९० च्या दशकातली सुधारणा. तिच्यात फ्रॉगचं पूर्ण बूड एका उतरत्या, मशीन केलेल्या पृष्ठभागावर बसतं. १९११ च्या सुमारास फ्रॉग आवळायचे स्क्रू मागच्या बाजूला आले, म्हणजे पातं न काढता तोंड (तळातली फट, जिथून पातं बाहेर येतं) कमी-जास्त करता येऊ लागलं. आजचे ली-नील्सनसारखे महागडे रंधे याच रचनेवर आहेत.

यात एक गोम आहे. बेडरॉकचा फ्रॉग पुढे सरकवला की तो उतारावरून खालीही उतरतो, त्यामुळे पातंही जास्त बाहेर येतं. तोंड लहान केल्यावर पातं पुन्हा मागे घ्यायचं विसरलात तर पहिल्याच हाताला रंधा लाकडात रुततो.

बेडरॉकसाठी तिप्पट-चौपट पैसे मोजावेत का? तोंड वारंवार बदलत असाल तरच. नीट बसवलेला बेली सागवानावर तितकंच स्वच्छ काम करतो.

बेलीचा फ्रॉग नेमका कुठे ठेवायचा?

फ्रॉगचा उतार आणि तोंडाची मागची कड एका रेषेत यायला हवी. पातं काढून बोट वरून खाली फिरवा, पायरी लागता कामा नये. फ्रॉग याच्या पुढे काढला तर पात्याचं टोक अधांतरी राहतं, मागे ठेवला तर पातं फ्रॉगऐवजी तोंडाच्या कडेवर टेकून उचललं जातं. दोन्ही वेळा थरथर होते. पुस्तकातला “तोंड लहान करा” हा सल्ला बेलीवर फार ताणू नये. उचकटणं थांबवायला कॅप आहे.

कॅप म्हणजे पात्यावरची ती दुसरी पट्टी ना? तिचा उपयोग काय?

हो, पात्याला मोठ्या स्क्रूने जोडलेली, पुढे वाकलेली पट्टी. पुष्कळ जण ती नुसती पातं दाबायला आहे असं समजून दोन-तीन मिमी मागे लावतात. तसं केलं तर तिचा मुख्य गुण वायाच जातो.

लाकूड उचकटतं कसं ते आधी बघू. उलट्या रेषेवर (लाकडाच्या तंतूंच्या उलट दिशेने) पातं शिरलं की छिलका पाचरीसारखा वर उचलला जातो आणि लाकूड धारेच्या पुढे फाटत जातं. कॅपची कड धारेच्या अगदी जवळ असली तर छिलका वर येताक्षणी तिच्यावर आपटून मोडतो आणि पुढची फाट तिथेच थांबते. जपानमधल्या यामागाता विद्यापीठात हे जवळून चित्रित केलं गेलं आहे. कॅपचं अंतर एक दशांश मिमीच्या घरात आणलं की फाट कशी थांबते ते त्यात स्पष्ट दिसतं.

अंतरं अशी ठेवा: जाड छिलका काढायचा तर दीड मिमी, रोजच्या कामाला अर्धा ते पाऊण मिमी, आडव्या-उलट्या रेषेच्या लाकडावर शेवटची सफाई करताना ०.२ ते ०.३ मिमी. इतकं कमी अंतर मोजता येत नाही. धारेच्या मागे चमकणारी बारीक रेघ पाहूनच ते साधतं.

आधी कॅप जुळवून घ्यावी लागते. तिची पुढची कड पाथरीवर (धार लावायच्या दगडावर) घासा, मागचं टोक पाथरीच्या पातळीपेक्षा थोडं खाली धरून, म्हणजे पात्याला फक्त टोकच टेकेल. मग पात्यावर लावून उजेडासमोर धरा. कुठेही प्रकाश दिसला तर तिथे छिलक्याचे तुकडे अडकणार. पुढच्या तोंडाला सुमारे ५० अंशांचा छोटा उतार द्या, नुसत्या कारखान्याच्या गोलाईवर भरवसा नको. स्क्रू अर्धा आवळून कॅप हळूच पुढे ढकला आणि मग पूर्ण आवळा. शेवटच्या आवळण्यात ती केसभर पुढे सरकते, ते धरूनच जागा ठरवा.

बरोबर लागली की छिलका गुंडाळी न होता सरळ उभा वर येतो. तो चुण्या पडून, चुरगळून येत असेल तर कॅप फार जवळ आहे. रंधा ढकलायला जड जात असेल तरी तेच.

धारेचा उतार वर असलेले, कमी कोनाचे रंधे जास्त चांगले का?

वेगळे आहेत, जास्त चांगले नाहीत.

नेहमीच्या रंध्यात पातं ४५ अंशांवर बसतं आणि धारेचा उतार, म्हणजे पात्याची घासून तिरकी केलेली बाजू, खाली असतो. त्यामुळे धार २५ वर लावा की ३०, कापण्याचा कोन ४५ च राहतो. दुसऱ्या प्रकारात पातं १२ अंशांवर झोपलेलं आणि उतार वर. तिथे कोन म्हणजे बैठक अधिक धार. २५ ची धार लावली तर ३७, ३८ ची लावली तर ५०, ५० ची लावली तर ६२. तीन पाती ठेवली की तीन रंधे झाले.

फळीच्या टोकाला, म्हणजे जिथे रेषा उभ्या कापल्या जातात तिथे, ३७ चा कोन सुंदर चालतो. भागही कमी, फ्रॉगच नाही, त्यामुळे बसवायला सोपा. अडचण अशी की याला कॅप नसते. उलट्या रेषेवर उचकटणं फक्त मोठ्या कोनाने आणि लहान तोंडानेच थांबवावं लागतं, आणि कोन वाढला की रंधा ढकलायला तितकाच जड. शिवाय या पात्याची झीज सपाट बाजूकडे होते. नुसती उताराची बाजू घासून धार परत येत नाही, सपाट बाजूही पाथरीवर नीट फिरवावी लागते. नव्या माणसाला वाटतं धार लावली, पण रंधा अजून घसरतोच.

दिवसभर सागवानाच्या फळ्या रंधणाऱ्याला कॅपवाला रंधा. एका हातात मावणाऱ्या ब्लॉक प्लेनमध्ये मात्र १२ अंशांचाच घ्या. २० अंशांच्या ब्लॉक प्लेनला २५ ची धार दिली की कोन पुन्हा ४५ च होतो.

लाकडी रंधा अजून घेण्यासारखा आहे का?

आहे. लाकडी तळ लाकडावर लोखंडापेक्षा हलका सरकतो, वजन कमी, आणि पडला तर फुटत नाही. पातं सहसा जाड असतं आणि पाचर त्याला पूर्ण लांबीवर दाबते, म्हणून थरथर कमी.

नागपुरात त्याची परीक्षा मे महिन्यात होते. पारा ४५ च्या पुढे गेला आणि हवा कोरडी झाली की रंध्याचं लाकूड आडवं आकसतं. खाच अरुंद होते, पोलादी पातं काही आकसत नाही. पातं बाजूंनी घट्ट बसलेलं असेल तर रंध्याचा गाल चिरतो. म्हणून पात्याच्या दोन्ही बाजूंना मिळून किमान एक मिमी मोकळीक हवी. पावसाळ्यात उलट पाचर फुगून अडकते. तेव्हा पातं न ठोकता रंध्याच्या मागच्या टोकावर लाकडी हातोडीने ठोका, पाचर सुटते. काम संपल्यावर पाचर ढिली करून ठेवायची सवय बाराही महिने चांगली.

ठोकून लावण्याची रीत: पात्याच्या वरच्या टोकावर हलका ठोका दिला की पातं पुढे, रंध्याच्या मागे ठोकलं की मागे, पात्याच्या बाजूला ठोकलं की तिरकेपणा जातो. प्रत्येक वेळी पाचरीला एक टिचकी.

लाकडी रंध्याचा तळ तोंडापाशी आधी झिजतो आणि तोंड मोठं होत जातं. तिथे कडक लाकडाचा तुकडा खाच करून बसवतात. जुना रंधा घेताना असा तुकडा दिसला तर घाबरू नका, कोणीतरी त्याची काळजी घेतली आहे.

पातं खाली-वर करायच्या यंत्रणांत काय फरक?

बेलीत पितळी चाक खोली ठरवतं आणि वेगळी दांडी तिरकेपणा. चाकाला थोडी रिकामी फिरकी असतेच, अर्धा ते एक फेरा चालतो. दोन फेरे रिकामे गेले तर आतला काटा झिजलाय. रिकामी फिरकी काढायची युक्ती एकच: पातं जास्त बाहेर आलं तर आधी गरजेपेक्षा मागे न्या, मग पुढे आणत थांबा. मागे फिरवताना थांबलात तर दोन-चार हातांत पातं आपोआप आत सरकतं.

या चाकाचा आटा उलटा असतो. चाक हरवलं म्हणून हार्डवेअरच्या दुकानातला नट आणलात तर बसणार नाही.

नॉरिस पद्धतीत खोली आणि तिरकेपणा एकाच दांड्याने होतात. व्हेरिटासच्या रंध्यांत ती दिसते. हाताला सुटसुटीत, पण लिव्हर कॅप घट्ट असताना जोर लावून फिरवली तर बारीक आटे खराब होतात. आधी ती जरा सैल करायची.

तोंड किती लहान हवं?

छिलक्यापेक्षा थोडं मोठं. सफाईला अर्धा मिमीच्या आत पुरे. कॅप जवळ लावलेली असेल तर तोंड फार लहान करू नका. छिलक्याला वर यायला जागा मिळाली नाही की तोंड चोंदतं आणि दर हाताला काडीने साफ करत बसावं लागतं.

जाड पातं, भारी पोलाद: पैसे वसूल होतात का?

जुन्या स्टॅनलीचं पातं साधारण दोन मिमी जाड. तीन मिमीचं पातं थरथर कमी करतं, पण आधी पाहा की चाकाचा काटा कॅपच्या खाचेपर्यंत पोचतो का आणि तोंडातून पातं जातं का. बऱ्याचदा तोंड कानशीने घासावं लागतं. घासायचं तर पुढची कड घासा, मागची कधीही नाही.

पोलादाबाबत सागवानाची एक खोड आहे. त्यात सिलिका असते, त्यामुळे दिसायला मऊ लाकूड असूनही धार लवकर बोथट होते. साध्या कार्बन पोलादाला किंवा ओ-१ जातीच्या पोलादाला नेहमीच्या तेलाच्या पाथरीवर पटकन धार येते, पण ती वारंवार लावावी लागते. ए-२ जातीचं पोलाद जास्त टिकतं, मात्र २५ अंशांच्या धारेवर त्याचे बारीक कण तुटतात. त्याला ३० च्या खाली नेऊ नका. हायस्पीड स्टील घ्यायचं तर डायमंडची पाथरी हवी, नाहीतर घासत राहाल.

आमचं मत विचाराल तर साधं पातं आणि १००० व ६००० ग्रिटच्या दोन चांगल्या पाथऱ्या यांवर आधी खर्च करा.

खाचा पाडलेला तळ हलका चालतो का?

नाही जाणवत. तळ सपाट करताना घासायला लोखंड कमी लागतं एवढाच फायदा. मेणबत्तीच्या दोन रेघा ओढल्या की साधा तळही त्याहून हलका चालतो. पुढे पॉलिश लागणार असेल तर तेल नको, मेणच, तेही थोडं.

ओतीव लोखंड की डक्टाइल?

साधं ओतीव लोखंड फरशीवर पडलं की तोंडाच्या बाजूला तडकतं. डक्टाइल वाकेल, फुटणार नाही. शहाबादी फरशीवर बसून काम करणाऱ्यांना, जिथे रंधा फूटभर उंचीवरूनच पडतो, याचा फार फरक पडत नाही. टेबलावर काम असेल तर पडतो.

इथल्या कोणत्या लाकडाला कोणती मांडणी?

आलापल्ली-बल्लारपूरकडचं सरळ रेषेचं सागवान: ४५ अंश, कॅप अर्धा मिमी, एवढ्यात काम होतं. धार मात्र सांभाळा.

बिजा, ऐन, शिसव: यांच्या रेषा पट्ट्यापट्ट्यांनी दिशा बदलतात. एक बोट सुलटी, पुढचं बोट उलटी. फळी फिरवून उपयोग नसतो. कॅप ०.२ मिमी, छिलका कागदाहून पातळ, आणि रंधा थोडा तिरका न धरता सरळच चालवा. तिरका धरला की कापण्याचा कोन प्रत्यक्षात कमी होतो आणि उचकटणं वाढतं. तरी राहिलेल्या जागा स्क्रॅपरने (खरवडायच्या पोलादी पट्टीने) काढा.

आंबा: मऊ, पण तंतू उपसले जातात. ताजी धार हाच उपाय.

जुन्या वाड्यांचं सागवान नागपूरच्या लकडगंजात मिळतं आणि वाळलेलं असल्यामुळे उत्तम असतं. रंधा लावण्याआधी लोहचुंबक फिरवा. तुटलेल्या खिळ्याचं टोक लाकडाच्या आत काळ्या डागासारखं दिसतं. एका खिळ्याने धारेला पडलेला दाता काढायला अर्धा तास जातो.

प्लायवूड: चांगला रंधा लावू नका. सरसाचे थर धार खातात.

तळ घरी सपाट कसा करायचा?

जाड काचेवर किंवा ग्रॅनाइटच्या तुकड्यावर १२० चा सँडपेपर चिकटवा. पातं आत ओढलेलं, पण लिव्हर कॅप नेहमीइतकी आवळलेली. दाबाने तळ किंचित वाकतो म्हणून हे गरजेचं. मार्करने तळावर आडव्या रेघा मारा आणि घासा. टोक, तोंडाच्या लगेच पुढची पट्टी आणि मागचं टोक, या तीन ठिकाणच्या रेघा गेल्या की थांबा. मध्ये खोलगट राहिलं तर राहू द्या. तोंडाच्या पुढची पट्टी मात्र टेकलीच पाहिजे, तीच लाकूड दाबून धरते.

रंधा थरथरतो, लाकडावर आडव्या रेघा उमटतात. का?

या क्रमाने तपासा: धार बोथट झाली आहे का, पात्याखाली भुसा अडकलाय का, फ्रॉगचे स्क्रू ढिले आहेत का, कॅप पूर्ण रुंदीत टेकते का, पातं जास्त बाहेर आहे का. सगळं ठीक असेल तर रंध्याला दोष नाही, फळीच खालून अधांतरी आहे.

कूलरसमोर ठेवलेल्या रंध्याला गंज येतो. काय करावं?

तो येणारच. कूलरचा झोत पाण्याने भरलेला असतो आणि घामाचा हात लागलेलं लोखंड एका रात्रीत तांबूस होतं. झोताच्या वाटेतून हलवा, काम संपल्यावर कोरड्या फडक्याने पुसून मशीन तेलाचा हात फिरवा. सागवानाच्या भुश्यात रंधा पुरून ठेवू नका, भुसा ओल धरतो. आलेला गंज केरोसीन आणि ४०० च्या पेपरने निघतो.

पावसाळ्यात दार घासतं. कोणता रंधा, किती काढायचं?

ब्लॉक प्लेन किंवा ४ नंबर, आणि लागेल तेवढंच. जुलैत एक सूत काढलंत तर एप्रिलमध्ये फटीतून उजेड दिसेल. दाराच्या चौकटीवर घासलेली चमकणारी जागा खडूने टिपा, तेवढ्यावर पातळ छिलके काढा आणि दर चार-पाच हातांनंतर दार लावून पाहा. दाराची वरची कड रंधायची असेल तर दोन्ही टोकांकडून मध्याकडे या. एका टोकाकडून आरपार गेलात तर शेवटच्या उभ्या पट्टीचं लाकूड ढलपीसकट निघून येतं. रंधून उघडं पडलेलं लाकूड त्याच दिवशी पॉलिशने किंवा रंगाने बंद करा, नाहीतर तिथूनच पुन्हा ओल शिरते.